कोडं सुटलं म्हणून कादंबरी संपत नाही

दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या इंग्रजी रहस्यकादंबऱ्यांबद्दल एक मत इतक्यांदा पुढे पाठवलं जातं, की ते तपासून पाहायची गरजच आता कुणाला वाटत नाही. ते मत थोडक्यात असं : ‘अगाथा ख्रिस्ती आणि तिच्या पिढीच्या कादंबऱ्या म्हणजे कादंबरीच्या वेषातली शब्दकोडी. लेखक वाचकापासून माहिती दडवतो, असे गुंतागुंतीचे खून प्रत्यक्षात कुणी करत नाही, पात्रं पुठ्ठ्याची असतात, सगळं सुखवस्तू आणि सुरक्षित जगात घडतं, आणि खुनी कोण ते कळलं की पुस्तकाचं काम संपलं.’

या मतामागे वजनदार माणसं उभी आहेत. अमेरिकन रहस्यलेखक रेमंड चँडलरने 1944 साली ‘द सिंपल आर्ट ऑफ मर्डर’ या निबंधात या परंपरेचे वाभाडे काढले. पुढच्याच जानेवारीत समीक्षक एडमंड विल्सनने ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात लेखाच्या शीर्षकातूनच विचारलं, की रॉजर अ‍ॅक्रॉइडला कोणी मारलं याची फिकीर कोणाला आहे (हा ख्रिस्तीच्या एका कादंबरीतला खून झालेला माणूस). चँडलरने सविस्तर उलटतपासणीसाठी निवडली ती ए. ए. मिल्नची 1922 सालची ‘द रेड हाउस मिस्टरी’, आणि त्या पुस्तकावरचे त्याचे बहुतेक आक्षेप मला मान्य आहेत. पण एका कच्च्या कादंबरीच्या पंचनाम्यावरून सगळ्या परंपरेला शिक्षा सुनावणं मला पटत नाही. म्हणून एकेक आरोप घेतो.

‘लेखक माहिती दडवतो.’

हा आरोप सगळ्यात सोपा आणि सगळ्यात चुकीचा. माहिती न दडवणं हीच तर या लेखकांनी स्वतःवर घालून घेतलेली अट होती. रहस्यलेखक रोनाल्ड नॉक्सने 1929 मध्ये रहस्यकथेसाठी दहा नियम लिहिले. 1930 मध्ये लंडनला रहस्यलेखकांचा ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला, जी. के. चेस्टरटन पहिले अध्यक्ष झाले, आणि नव्या सभासदाला शपथ घ्यावी लागे : माझा गुप्तहेर दैवी साक्षात्कारावर किंवा योगायोगावर विसंबणार नाही, आणि महत्त्वाचा दुवा मी वाचकापासून लपवणार नाही. अमेरिकेत एलरी क्वीनच्या कादंबऱ्या शेवटाआधी थांबतात आणि वाचकाला सांगतात, की आता सगळे दुवे तुमच्या हातात आहेत, उत्तर काढा. सी. डेली किंगने 1935 च्या ‘ऑबेलिस्ट्स फ्लाय हाय’ला चक्क दुव्यांची सूची जोडली : कोणता दुवा कुठे दिला होता, ते तपासून घ्या.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळा पहाडने कित्येक पिढ्यांना वाचायला शिकवलं, ते ऋण मोठं आहे. पण त्या कथांचा जीव वेगात आणि साहसात होता. तीच चव मनात धरून ख्रिस्ती वाचायला घेतली, की शेवटचा उलगडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो, कारण वाटेतल्या ओळी आपण वेगाच्या नादात ओलांडलेल्या असतात. त्या ओळी तिथे असतात. मागे जाऊन पाहा.

‘असे खून कुणी करत नाही.’

20 जानेवारी 1931, लिव्हरपूल. विल्यम हर्बर्ट वॉलेस हा विमा कंपनीचा माणूस, बुद्धिबळाचा शौकीन. आदल्या संध्याकाळी तो क्लबात पोचण्याआधी तिथे एक फोन आला होता : ‘क्वॉलट्रो’ नावाच्या गृहस्थाला विम्याच्या कामासाठी भेटायचंय, उद्या साडेसात वाजता, 25 मेनलव्ह गार्डन्स ईस्ट. वॉलेस ट्राम बदलत, लोकांना विचारत तो पत्ता शोधत फिरला. मेनलव्ह गार्डन्स नॉर्थ, साउथ आणि वेस्ट सापडले, ईस्ट नावाचा रस्ताच नव्हता. घरी परतला तर बायको ज्युलिया मरून पडलेली. फोन खुन्याने केला, की वॉलेसनेच स्वतःला साक्षीदार मिळावेत म्हणून केला? न्यायालयाने त्याला फाशी सुनावली, आणि त्याच वर्षी अपील न्यायालयाने पुराव्याअभावी ती रद्द केली. खटला आजही उलगडलेला नाही. ख्रिस्तीच्याच पिढीतली रहस्यलेखिका डोरोथी एल. सेयर्स हिने 1936 साली त्यावर दीर्घ निबंध लिहिला. आणि चँडलर? तोही या खटल्याने झपाटला होता आणि याला अशक्य खून म्हणत असे. गुंतागुंत कृत्रिमच असते असं मानणाऱ्याने ही घटना नीट वाचावी.

ख्रिस्तीची विषं तर थेट कामाच्या टेबलावरून आलेली होती. पहिल्या महायुद्धात ती टॉर्कीच्या रुग्णालयात औषधं तयार करण्याच्या विभागात होती. तिच्या पहिल्या कादंबरीतल्या विषाच्या अचूकपणाबद्दल औषधशास्त्राच्या नियतकालिकाने तिचं कौतुक केलं होतं.

तरी इथे मला एक कबूल करायचंय : काही लेखकांना गुंतागुंतीचा हव्यास सुटला. सेयर्सची 1931 ची ‘फाइव्ह रेड हेरिंग्ज’ आगगाड्यांच्या वेळा आणि तिकिटं यांत इतकी अडकते, की माणसं दिसेनाशी होतात. ते पुस्तक मी कुणाला सुचवणार नाही.

‘पात्रं पुठ्ठ्याची.’

इथे ख्रिस्तीची ‘फाइव्ह लिटल पिग्ज’ पुढे ठेवतो. एका चित्रकाराला सोळा वर्षांपूर्वी बीअरमधून विष दिलं गेलंय. बायको दोषी ठरली आणि तुरुंगातच वारली. आता मोठी झालेली मुलगी ख्रिस्तीचा गुप्तहेर पॉयरो याच्याकडे येते : आईने मरण्यापूर्वी पत्र लिहून ठेवलंय की मी निर्दोष आहे. बोटांचे ठसे, सिगारेटची राख, तुटलेलं घड्याळ, असलं काहीही उरलेलं नाही. पॉयरोजवळ आहेत फक्त पाच माणसांच्या आठवणी, पाचही जणांनी आपापल्या हाताने लिहून दिलेल्या.

या कादंबरीचं कथानक विलक्षण घट्ट आहे, एकही प्रसंग इकडचा तिकडे करता येत नाही. आणि ते सगळं उभं आहे माणसांच्या स्वभावावर. ती बाई भांडताना काय बोलायची आणि काय कधीच बोलली नसती, तो चित्रकार कामात बुडाला की बाकीच्या जगाशी कसा वागायचा, दाराआडून ऐकलेल्या अर्ध्या वाक्याचा अर्थ ऐकणाऱ्याने आपल्या मनाप्रमाणे कसा लावला : हेच दुवे आहेत. मत्सर करणारा एक गोष्ट आठवतो, प्रेम करणारा तीच दुसरी आठवतो, आणि दोघंही खरं बोलत असतात. माणूस नीट वाचता आला नाही तर कोडं सुटत नाही. इथे कथानक आणि स्वभावचित्रण या दोन वेगळ्या गोष्टी करून दाखवा, असं माझं आव्हान आहे.

पात्रांबद्दल वरवर लिहिलंय असं वाटण्याचं आणखी एक कारण आहे. ख्रिस्ती मुद्दाम ओळखीचे साचे वापरते : निवृत्त कर्नल, हसतमुख डॉक्टर, भित्री सोबतीण, बडबडी विधवा. आपण एका नजरेत ‘कळला हा माणूस’ म्हणून पुढे सरकतो. तिचा सापळा तिथेच लागलेला असतो. साचा पाहून माणूस गृहीत धरायची सवय आपली असते, आणि तिचं कथानक त्या सवयीचीच परीक्षा घेतं.

‘सुरक्षित, समाजापासून तुटलेलं जग.’

या आरोपाचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो करणाऱ्याने या पुस्तकांतल्या तारखाच पाहिलेल्या नसतात.

सेयर्सची 1928 ची ‘द अनप्लेझंटनेस अ‍ॅट द बेलोना क्लब’ घ्या. (पुढे मधल्या टप्प्यावरचा एक दुवा सांगतोय, खुनी सांगत नाही.) दिवस 11 नोव्हेंबरचा, पहिलं महायुद्ध थांबल्याच्या स्मरणाचा. माजी सैनिकांच्या क्लबात नव्वदीचे जनरल फेंटिमन शेकोटीजवळच्या खुर्चीत मृत सापडतात. त्याच दिवशी सकाळी त्यांची श्रीमंत बहीणही गेलीय. जनरल तिच्यानंतर गेले असतील तर मोठी संपत्ती त्यांच्या नातवांकडे जाते, आधी गेले असतील तर दुसरीकडे. म्हणजे सगळा प्रश्न मृत्यूच्या वेळेचा. वाचणाऱ्याला वाटेल, हे निव्वळ गणित.

आता ते गणित कशाने सुटायला लागतं ते बघा. ब्रिटनमध्ये 1921 पासून त्या दिवशी कोटाला लाल पॉपीचं फूल लावायची प्रथा पडली होती. सेयर्सचा गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी याच्या ध्यानात येतं, की जनरलच्या कोटाला पॉपी नव्हती. असा जुना सैनिक 11 नोव्हेंबरला पॉपीशिवाय रस्त्यावर उतरेल? कदापि नाही. मग त्या सकाळी ते क्लबात चालत आलेच नव्हते. एका देशाच्या सामूहिक शोकातून हा दुवा आलाय. आणि त्याच कादंबरीत धाकटा नातू जॉर्ज आहे : युद्धातल्या विषारी वायूने आणि धक्क्याने खचलेला, नोकरी नसलेला, बायकोच्या कमाईवर जगावं लागतं म्हणून तिच्यावरच चिडणारा. वयोवृद्ध सैनिक खुर्चीत मरून पडतो आणि बराच वेळ कुणाच्या लक्षात येत नाही, तरुण सैनिक जिवंत असून कुणाच्या कामाचा नाही. ही कादंबरी सुरक्षित जगाची आहे, असं कोण म्हणेल?

ख्रिस्तीची 1950 ची ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ दुसऱ्या युद्धानंतरची, पण त्याच घडणीची. गावच्या वर्तमानपत्रात खुनाची जाहिरात येते : अमुक दिवशी, अमुक घरी, संध्याकाळी साडेसहा वाजता. पुस्तकाचा गाभा मात्र वेगळा आहे. पूर्वी गावात नवा माणूस आला तर कुणीतरी त्याच्यासाठी ओळखीचं पत्र पाठवलेलं असे. युद्धाने माणसं इतकी उधळली, की आता शेजारी म्हणजे तो स्वतःबद्दल जे सांगेल तेवढंच. त्याच्याकडे ओळखपत्र आणि रेशनचं पुस्तक असतं, दोन्हींवर ना फोटो, ना ठसा. कथानकातला प्रत्येक पेच या एका सामाजिक वस्तुस्थितीतून निघतो.

सेयर्स स्वतः जवळजवळ दहा वर्षं लंडनच्या जाहिरात संस्थेत होती. 1933 च्या ‘मर्डर मस्ट अ‍ॅडव्हर्टाइझ’मधलं कचेरीचं चित्र तिथून आलंय.

हे सांगताना एक गोष्ट झाकायची नाही. या पुस्तकांत वर्गाचा अहंकार आहे, ज्यूंबद्दल आणि परक्यांबद्दल किळसवाणी वाक्यं आहेत. ख्रिस्तीच्या 1939 च्या गाजलेल्या कादंबरीच्या मूळ ब्रिटिश शीर्षकात वंशद्वेषी शिवी होती, ते पुढे बदलावं लागलं. हा आरोप खरा आहे, त्यावर माझा बचाव नाही.

‘खुनी कळला की संपलं.’

विल्सनच्या प्रश्नातलीच कादंबरी घेऊ. 1926 ची ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ दुसऱ्यांदा वाचताना तुम्ही दुसरंच पुस्तक वाचत असता. पहिल्या वाचनात साधी वाटलेली वाक्यं शब्दशः खरी आणि तरीही भयंकर आहेत, हे पानोपानी दिसत जातं. तिथे ख्रिस्तीचं गद्य पाहावं, जे सपाट आहे म्हणून हिणवलं जातं. उत्तर माहीत असणाऱ्यालाच त्या गद्याची कारागिरी कळते.

आणि उत्तर एकच असतं हेही खरं नाही. अँथनी बर्कलीने 1929 च्या ‘द पॉयझन्ड चॉकलेट्स केस’मध्ये सहा हौशी मंडळींना एकाच खुनाची सहा उत्तरं मांडायला लावली. प्रत्येक उत्तर ऐकताना पटतं, पुढचा माणूस उठून ते पाडतो. सर्वज्ञ गुप्तहेरावर यापेक्षा कठोर टीका चँडलरलाही जमली नाही, आणि ती पंधरा वर्षं आधी, घरातूनच झाली होती.

ही परंपरा मेली असंही त्याच दमात सांगतात. जपानमध्ये योकोमिझो सेइशीने युद्ध संपताच, 1946 मध्ये, बंद खोलीतल्या खुनाची ‘होन्जिन’ कादंबरी लिहिली. 1987 मध्ये अयात्सुजी युकितोने बेटावर अडकलेल्या विद्यार्थ्यांना एलरी, अगाथा, कार अशी या परंपरेतल्या लेखकांची टोपणनावं दिली आणि तिथे या प्रकाराची नवी लाटच आली. इकडे इंग्लंडमध्ये बर्कलीच्या सहा उत्तरांना क्रिस्तियाना ब्रँडने 1979 मध्ये सातवं जोडलं, मार्टिन एडवर्ड्‌सने 2016 मध्ये आठवं.