दोन टोनी, दोन स्कारफेस

'स्कारफेस' म्हटलं की बहुतेकांना अल पचिनोच आठवतो. हातात मशिनगन, पुढ्यात कोकेनचा ढीग. १९३२ सालचा मूळ 'स्कारफेस' फार कमी जण बघतात, आणि बघितलाच तर 'त्या काळाच्या मानाने बराय की' म्हणून मोकळे होतात. माझं मत उलटं आहे. जुनाच सिनेमा जास्त भीतीदायक आहे. का ते सांगताना दोन्हींचा शेवट फुटणार, तेव्हा बघायचे असतील तर आत्ताच पळा.

सांगाडा दोन्हीकडे एकच. हाताखालचा गुंड वर चढतो, बॉसचा काटा काढतो, त्याची बाई आपली करतो, बहिणीवरच्या विचित्र हक्कापायी जिवलग मित्राला गोळी घालतो आणि शेवटी मरतो. हॉवर्ड हॉक्सचं शिकागो दारूबंदीतलं, अल कपोनचा दबदबा अजून ताजा असतानाचं. ब्रायन डी पाल्माने १९८३ साली तेच मायामीत नेलं: दारूऐवजी कोकेन आणि इटालियन टोनी कामोंटेच्या जागी क्यूबन टोनी मोंटाना. १९८० मध्ये मारिएल बंदरातून होड्यांनी सव्वा लाखाच्या आसपास क्यूबन लोक फ्लोरिडात उतरले, त्यांतला हा एक. हा बदल चपखल बसलाय, त्याबद्दल ऑलिव्हर स्टोनच्या पटकथेला दाद द्यायलाच हवी.

पण खरा फरक दुसरीकडेच आहे, आणि जुन्याची जास्त भीती वाटते ती त्यामुळेच. पॉल म्युनीचा कामोंटे प्रत्येक गोष्टीची मजा लुटतो. नवे शर्ट बाईला दाखवताना त्याचा चेहरा बघा. टॉमी गन पहिल्यांदा हातात येते तेव्हा तो खेळणं मिळालेल्या पोरासारखा हरखतो. मग पडद्यावर बंदूक धडधडते आणि कॅलेंडरची पानं फडाफड उडत जातात. महिने गेले, माणसं गेली, टोनी खूश. एकदा तो नाटकाला जातो. मधेच एकाचा खून करायला उठावं लागतं, तर शेवट काय होतो ते बघायला एका साथीदाराला तिथेच बसवून जातो! आणि नंतर त्याच्याकडून शेवट ऐकूनही घेतो.

तो खून म्हणजे हॉक्सची कमाल आहे. विरोधी टोळीचा म्होरक्या झालेला बोरिस कार्लोफ बोलिंग खेळतोय. चेंडू सुटतो, गोळ्या झाडल्या जातात, पण कॅमेरा माणसाकडे बघतच नाही. चेंडूमागे जातो. सगळ्या पिना आडव्या होतात, एकच गरगरत उभी राहते, मग तीही पडते. (सिनेमाभर कुणी मरणार असेल तर चौकटीत कुठेतरी फुली दिसते. इथे ती गुण मांडायच्या कागदावर आहे.)

मोंटानाला यातलं काहीच सुख नाही. पैसा येतो, हवेली येते, मिशेल फायफर येते, आणि हा भल्यामोठ्या टबात बसून टीव्हीवर खेकसतो. बायको उठून जाते, मित्र उठून जातो, हा फेसात एकटा. हॉटेलात भरल्या ताटासमोर त्याची तक्रार काय, तर यासाठीच का हे सगळं केलं? पचिनो हे फार चांगलं करतो, त्यात वाद नाही. म्हणूनच या माणसाचं पोस्टर लोक हौसेने भिंतीवर लावतात याचं मला नवल वाटतं.

मरणाचंही तेच. कामोंटेला जगायचंय, म्हणून पोलिसांनी घेरल्यावर तो गयावया करतो आणि पळताना मरतो. मोंटानाकडे गमावण्यासारखं उरलेलंच नसतं, म्हणून तो बेभान होऊन गोळ्या अंगावर घेतो. सेन्सॉरवाल्यांना कामोंटेचा हा भेकड मृत्यूही पुरेसा वाटला नव्हता. त्यांच्यासाठी फाशीचा वेगळा शेवट चित्रित झाला, तोही म्युनीशिवाय, आणि सिनेमाच्या नावाला 'देशाची लाज' अशा अर्थाचं शेपूट जोडावं लागलं.

डी पाल्मा सरस कुठे ठरतो? करवतीच्या प्रसंगात. बाथरूममध्ये छळ चाललाय आणि कॅमेरा खिडकीतून हळूच खाली रस्त्यावर उतरतो. तिथे ऊन आहे, मित्र गाडीत बसून एका मुलीशी गप्पा मारतोय. मग कॅमेरा पुन्हा वर. आणि ज्याला मारायचंय त्याच्या गाडीत त्याची बायको-मुलं आहेत म्हणून मोंटाना बॉम्ब उडवू देत नाही, तो प्रसंगही भारी. त्याची एकमेव चांगली गोष्ट त्याच्या जिवावर उठते. बाकी १७० मिनिटांत मधला भाग चांगलाच रेंगाळतो. हॉक्सने दीड तासात आटोपलंय.

बहिणीच्या बाबतीत तर तुलनाच नको. नव्या सिनेमात जीना अर्ध्या शुद्धीत भावावर गोळ्या झाडते, जे आडून सुचवायचं ते तोंडाने बोलून टाकते आणि लगेच मरते. १९३२ ची सेस्काही त्याला मारायलाच येते, नवऱ्याच्या खुनाचा सूड म्हणून. पण गोळी झाडू शकत नाही. उलट त्याच्याच बाजूने लढायला उभी राहते, हसत. आन ड्वोराकच्या त्या हसण्यापुढे मोंटानाची अख्खी मशिनगन मला फिकी वाटते.