फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात

काल शनिवार, सकाळची शाळा. लेक सोसायटीच्या गेटपाशी व्हॅनची वाट बघत उभी होती. एकदम ओरडली, "आई, चंद्र बघ! अजून गेलाच नाही!" वर बघितलं तर खरंच, खडूने काढून अर्धा पुसल्यासारखा फिकट चंद्र. ऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर आलेलं. "सूर्य आला तरी हा कसा काय दिसतो?" मला धड सांगता येईना. तेवढ्यात व्हॅन आली.

दुपारी मी तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. वाटलं, मॅडम सांगतील, नाहीतर कुणाचे तरी आई-बाबा सांगतील. दहा मिनिटांत मॅडमचं उत्तर आलं: "ग्रुप फक्त शालेय सूचनांसाठी आहे. अनावश्यक मेसेज टाकू नयेत." आणि लगेच ग्रुप बंद. आता फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतात. त्या सूचनेला 21 पालकांचे अंगठे!

अनावश्यक? सातवीतल्या मुलीला चंद्राबद्दल पडलेला प्रश्न शाळेच्या ग्रुपवर अनावश्यक? मग आवश्यक काय, गॅदरिंगच्या ड्रेसचे पैसे?

मान्य आहे, ग्रुप उघडे ठेवले की गुड मॉर्निंगची फुलं आणि राजकारण सुरू होतं. पण म्हणून मुलांनी विचारायचंच नाही?

संध्याकाळी तोच प्रश्न मी फेसबुकवरच्या आकाश बघणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये टाकला. वीस मिनिटांत सोलापूरच्या एका काकांनी लिहिलं, "ताई, उत्तर सांगत नाही. उद्या सकाळी मुलीला गच्चीवर न्या. उन्हात उभं राहून चंद्राच्या शेजारी येईल असं एक लिंबू हातात धरायला सांगा. आणि सूर्याकडे थेट बघू देऊ नका."

आज सकाळी सात वाजता कोथरूडच्या आमच्या गच्चीवर आम्ही दोघी. तिने हात लांब करून, एक डोळा मिटून लिंबू चंद्राशेजारी नेलं. लिंबाची एक बाजू उजळलेली, दुसरी सावलीत. अगदी चंद्राइतकंच, त्याच बाजूने! ती क्षणभर काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे दोघांवर एकच ऊन पडतंय." मला भरून आलं. कुठलं पाठांतर हे देणार होतं?

आपल्याच पुण्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर होते. मुलं सही मागायला आली की सर म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर आणि सही दोन्ही मिळेल. एवढा मोठा माणूस पोस्टकार्डाला उत्तर द्यायचा! आज खिशात फोन आहे, वीस मिनिटांत सोलापूरहून लिंबू येतं, आणि आपण विचारायची सोयच बंद करतो. ज्या खान अकॅडमीचे व्हिडिओ आपण मुलांना लावून देतो, तिची सुरुवात कशी झाली? 2004 मध्ये अमेरिकेत साल खान यांच्या नात्यातल्या एका बहिणीला गणित अडलं, ते तिला फोनवरून आणि इंटरनेटवरून शिकवायला लागले. म्हणजे आधी एका मुलीची अडचण, व्हिडिओ नंतर. आपण व्हिडिओ तेवढे घेतले. बालभारतीच्या पुस्तकात क्यूआर कोड आले, स्कॅन केलं की धडा बोलतो. चांगलंच आहे ते. पण त्या धड्याला उलटं विचारता येत नाही.

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधली पोरं बघा. क्लास परवडत नाही, पण टेलिग्रामच्या ग्रुपवर रात्री एक वाजता नांदेडचा मुलगा साताऱ्याच्या मुलीला गणित सोडवून दाखवतो. कुणी कुणाला ओळखत नाही. रील्समध्ये वेळ जातोच, नाही म्हणत नाही. पण हेही त्याच फोनवर चालतं.

मॅडमवर माझा राग नाही, लिहिता लिहिता निवळला. पन्नासच्या वर मुलं, वर माहिती भरायच्या लिंका, निवडणुकीची ड्यूटी. 2020 च्या मार्चनंतर शाळा बंद असताना याच मॅडम रात्री अकराला व्हॉइस मेसेज पाठवून मुलांना अपूर्णांक समजावायच्या. तेव्हा हाच ग्रुप वर्ग होता. लेक दुसरीत होती, "मॅडम, परत सांगा ना" असं आपल्या आवाजात पाठवायची आणि मॅडम परत सांगायच्या.

माझा राग त्या 21 अंगठ्यांवर आहे. आपली मुलं घरी काहीच विचारत नाहीत का हो? एकानेही "छान प्रश्न आहे" एवढं म्हणू नये?

उद्या शाळेत जाऊन मॅडमना भेटणार आहे. ग्रुप आठवड्यातून एक तास तरी उघडा, फक्त मुलांच्या प्रश्नांसाठी, असं सांगणार. लिंबू सोबत नेणार आहे.

लेकीचा पुढचा प्रश्न तयार आहे: चंद्रावर उभं राहिलं तर पृथ्वीही अशी अर्धी दिसते का? ज्यांना माहीत आहे त्यांनी खाली लिहा. थेट उत्तर नको, घरी काय करून बघायचं ते सांगा.