रेडॉन सगळीकडे आहे, मग जादूगोडाचाच बाऊ का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. झारखंडमधल्या जादूगोडा या युरेनियम खाणीच्या गावावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: रेडॉन हा किरणोत्सारी वायू आपल्या घरातही असतो, झारखंडच्या त्या पट्ट्यात जमिनीतच युरेनियम आहे, आणि खाण-प्रकल्पाच्या कुंपणापाशी मोजलेली वार्षिक सरासरी मर्यादेत भरते. मग लोकांना उगाच घाबरवायचं कशाला?

पहिल्या दोन गोष्टी मला मान्य आहेत. घोडं अडतं ते सरासरीपाशी.

तिथलं खनिज कमी प्रतीचं. हजार किलो दगडात किलोभरही युरेनियम नाही, त्यामुळे जवळजवळ सगळा दगड दळून गाळाच्या तलावात जातो. युरेनियम काढून घेतलं तरी खनिजाचा सुमारे ८५ टक्के किरणोत्सार त्या गाळातच राहतो, कारण थोरियम आणि रेडियम तिथेच असतात. रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं संपायला लागणारा काळ, १६०० वर्षं! त्यातून सुटणाऱ्या रेडॉनचं मात्र जेमतेम ३.८ दिवस. गाळ ओला असेल तर रेडॉन इतका सावकाश सरकतो की वर येईपर्यंत बहुतेक संपलेला असतो. गाळ सुकला की त्याला वाट मोकळी, वर धूळही उडते. मे महिन्यातला कोरडा काठ आणि ऑगस्टमधला भरलेला तलाव एकाच सरासरीत घातले, तर वस्तीवर कधी काय आलं ते कसं कळणार?

धुळीच्या आकड्यालाही खोदून विचारावं लागतं. पंपाने हवा ओढून गाळणकागदावर धूळ धरतात. कागद लगेच अल्फा (किरणोत्साराचा एक प्रकार) मोजणाऱ्या यंत्राखाली ठेवला तर आकडा भराभर चढतो, पण त्यात मोठा वाटा रेडॉनपासून झालेल्या अल्पायुषी द्रव्यांचा असतो. तोच कागद काही दिवस बाजूला ठेवून पुन्हा मोजला की उरतात ती युरेनियम, थोरियम, रेडियम अशी दीर्घायुषी द्रव्यं. मला हा दुसरा आकडा हवा आहे, तारखेसकट आणि जागेसकट. मोजणारे भाभा अणुसंशोधन केंद्राचे लोक आहेत, त्यांच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. माझी मागणी आहे ती गावकऱ्यांना सुटे आकडे मिळण्याची.

‘मग काय खाणी बंद करायच्या?’ असंही तुम्ही विचारलंत. तसं मी कुठेच म्हटलेलं नाही. खडी फोडताना पाण्याचे फवारे, संपलेल्या बोगद्यांची तोंडं बंद करणं, आतली हवा बाहेर फेकणारं तोंड वस्तीपासून लांब ठेवणं, ही नेहमीची कामं आहेत. अमेरिकेत १९८९ नंतरच्या गाळतलावांना नियम आहे: एकतर प्रत्येक तलाव ४० एकरांच्या आत, नाहीतर भरत भरत झाकत जायचं आणि एका वेळी १० एकरांपेक्षा जास्त गाळ उघडा ठेवायचा नाही. युरेनियमची पिवळी भुकटी वाळवणाऱ्या भट्टीच्या धूळ-गाळणीचा दाब आणि पाण्याचा प्रवाह तिथे दर तासाला वहीत नोंदवावा लागतो. आकडा ठरल्या पट्ट्याबाहेर गेला की तो परत आत आणायचा, आणि बंद करून दुरुस्त केल्याशिवाय ते जमत नसेल तर भट्टी थांबवायची.

तुमच्याकडच्या अहवालात नमुने कोणत्या महिन्यांत आणि तलावाच्या कोणत्या बाजूला घेतले ते असेल, तर ते पान इथे जरूर टाका. त्यावर बोलायला मी तयार आहे.