पगार सरकार देतं म्हणून शास्त्रज्ञांनी गप्प बसायचं?

सरकारी शास्त्रज्ञांनी हवामानबदलावर जाहीर बोलावं का, हा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो. शास्त्रज्ञ हा सरकारी नोकर. कुठलीही कंपनी नोकराला न विचारता पत्रकारांशी बोलू देत नाही. शोधनिबंध छापायला कुणी अडवत नाही, मग मुस्कटदाबी कसली? अर्धवट माहितीने लोक घाबरतात. आणि बोलायचंच असेल तर राजीनामा द्यावा.

वाचताना पटतं. पण स्टीफन हार्पर पंतप्रधान असताना (२००६ ते २०१५) कॅनडात हे सगळं प्रत्यक्ष करून झालं आहे. त्याचे परिणाम नोंदलेले आहेत, तेच बघू.

"कंपन्याही हेच करतात." कंपनीचं संशोधन कंपनीच्या पैशातून होतं. बर्फ किती वितळला, ओझोनचा थर किती विरळ झाला, हे मोजायचा खर्च करदाते करतात. ज्याने पैसे दिले त्याला निष्कर्ष कळायला नकोत? शिवाय इथे दोन गोष्टींची गल्लत होते. खात्याची भूमिका मांडणं हे प्रवक्त्याचं काम, त्यावर बंधन असायला माझी हरकत नाही. स्वतः केलेल्या मोजमापाचा अर्थ समजावून सांगणं ही वेगळी गोष्ट आहे.

"परवानगी घ्यायची, एवढंच तर आहे." या एवढंच्याची एक गोष्ट सांगतो. कॅनडाच्या भूगर्भ सर्वेक्षणातले स्कॉट डॅलिमोर २०१० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका निबंधाचे सहलेखक होते. विषय होता उत्तर कॅनडात सुमारे १३,००० वर्षांपूर्वी आलेला प्रचंड पूर. त्या पुराचा संबंध तेव्हाच्या अचानक आलेल्या थंडीशी जोडला जातो. पत्रकारांनी मुलाखत मागितली, डॅलिमोर तयार होते. पण मंत्र्यांच्या कार्यालयाची मंजुरी हवी होती. ती आली तोवर बातम्या छापायची वेळ टळून गेली होती. माहितीच्या कायद्याखाली मिळालेल्या कागदपत्रांतून हा पत्रव्यवहार नंतर उघड झाला. तेरा हजार वर्षांपूर्वीच्या पुरात सरकारचं कुठलं गुपित होतं? बंदी कुणी लेखी घातली नव्हती. नुसत्या उशिराने काम भागलं. पर्यावरण खात्याने २००७ मध्ये माध्यमांसाठी असेच नियम आणले. पुढे खात्याच्याच अंतर्गत टिपणात नोंद झाली की हवामानबदलावरच्या त्यांच्या संशोधनाच्या बातम्या ८० टक्क्यांहून जास्त घटल्या. २०१२ मध्ये माँट्रिऑलच्या ध्रुवीय परिषदेत तर शास्त्रज्ञांवर लक्ष ठेवायला जनसंपर्क अधिकारी नेमले होते.

"निबंध तर छापले जात होते." होते. पण 'नेचर'चे अंक किती जण वाचतात? २०११ मध्ये आर्क्टिकवर ओझोनचं मोठं विवर सापडलं. त्या निबंधाचे सहलेखक डेव्हिड टॅरासिक यांना सुरुवातीला मुलाखती देऊ दिल्या नाहीत. सामान्य माणसापर्यंत विज्ञान पोचतं ते बातमीतून, आणि तीच वाट अडवली होती.

"चार नाराज लोकांची ओरड आहे." २०१३ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांच्या संघटनेने पाहणी केली. ४,०६९ जणांनी उत्तरं दिली. आपल्या कामाबद्दल माध्यमांशी मोकळेपणाने बोलता येत नाही, असं ९० टक्के म्हणाले. वैज्ञानिक नसलेल्या कारणांसाठी माहिती वगळायला किंवा बदलायला सांगितलं गेलं, असं सांगणारे होते २४ टक्के. माझ्या मते हा दुसरा आकडा जास्त गंभीर आहे.

"लोक घाबरतात." हे आपल्याकडेही ऐकलं आहे. जानेवारी २०२३ मध्ये उत्तराखंडमधलं जोशीमठ खचत असताना इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून सांगितलं की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटिमीटर खचली. लगेच राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने संभ्रम पसरतो म्हणून वैज्ञानिक संस्थांना माध्यमांशी बोलू नका असं कळवलं, आणि अहवाल संकेतस्थळावरून नाहीसा झाला. जोशीमठच्या लोकांना घाबरायला अहवाल लागत नव्हता. घराच्या भिंतींतून हात जाईल एवढ्या भेगा त्यांना दिसत होत्या. त्यांना हवं होतं ते हे, की किती खचतंय, कुठवर खचेल, राहायचं की निघायचं. संस्थांचे सविस्तर अहवाल लोकांसमोर आले सप्टेंबरमध्ये, तेही उच्च न्यायालयाने ते गुप्त का ठेवले असं विचारल्यावर.

"मग राजीनामा द्या." दिला तर प्रयोगशाळा, उपकरणं, वर्षानुवर्षांच्या नोंदी मागे राहतात आणि तो विषय नीट जाणणारा माणूस सरकारच्या बाहेर जातो. त्याची गरजही नाही. सरकार बदलल्यावर नोव्हेंबर २०१५ मध्ये कॅनडाच्या नवोन्मेष, विज्ञान आणि आर्थिक विकास खात्याचे नवे मंत्री नवदीप बैन्स यांनी शास्त्रज्ञांना बोलायला मोकळीक दिली. पुढच्या वर्षी संघटनेने ती नोकरीच्या करारातच लिहून घेतली: आपल्या विज्ञानाबद्दल बोलायला आधी मंजुरी नको, फक्त खात्याच्या वतीने बोलतो आहोत असं भासवायचं नाही.