गेटवेच्या लाँचवर कयाक का नेऊ दिली नाही: दोन स्टारच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमची तक्रार थोडक्यात अशी. अलिबागजवळच्या मांडव्याहून किहीमपर्यंत किनाऱ्याने वल्हवत जायचं म्हणून तुम्ही आमच्याकडून पाच मीटरची सी कयाक, म्हणजे समुद्रात वल्हवायची लांब, अरुंद होडी, भाड्याने घेतलीत. मुक्काम कुलाब्याला होता आणि गेटवेहून लाँचा सुटत होत्या, तरी आम्ही तुम्हाला पहाटे भाऊच्या धक्क्यावर बोलावलं. आमचा माणूस सोबत दिला आणि त्याचे वेगळे पैसे घेतले. धक्क्यावर भरलेली कयाक रिकामी करायला लावली आणि त्यात ठरलेली फेरी चुकली. स्कॉटलंडमध्ये हीच गोष्ट तुम्ही एकट्याने, पायी प्रवासी म्हणून, ट्रॉली ओढत केली होती. मग मुंबईत एवढा खटाटोप कशाला, असं तुम्ही विचारलंय. हा प्रश्न आमच्याकडे येणारे बरेच जण विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

स्कॉटलंडच्या बेटांकडे जाणाऱ्या मोठ्या फेऱ्या गाड्या वाहणाऱ्या आहेत. जहाजाचा रॅम्प धक्क्याला टेकतो, ट्रॉली सरळ गाड्यांच्या डेकवर जाते, कयाक कडेला बांधली की झालं. मुंबईहून मांडव्याला त्या प्रकारची फेरी म्हणजे भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो. ती मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तुम्हाला तिथे पाठवलं ते ह्याच कारणाने. तिथेही कयाकसाठी आम्ही आदल्या दिवशी विचारून ठेवतो, आणि डेकवर घ्यायची की नाही, कुठे ठेवायची, हा शेवटचा शब्द जहाजावरच्या माणसांचा असतो.

गेटवेची गोष्ट वेगळी आहे. आधी सुरक्षा तपासणीचं फाटक. तिथे बॅगा यंत्रातून जातात, पाच मीटरची होडी जात नाही. मग गर्दीतून वळत दगडी पायऱ्यांपर्यंत जायचं. मुंबईत उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. लाँच लाटेबरोबर वर-खाली होते, खलाशी माणसांना हात धरून आत घेतो. कित्येकदा लाँचा एकीला एक लावून उभ्या असतात आणि पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत जावं लागतं. मोकळ्या हाताने जाणारी म्हातारी माणसं तिथे घाबरतात. त्या जागी पंचवीस किलोची लांब वस्तू दोन्ही टोकांना धरून फिरवायची, तर पुढचा माणूस एका लाँचवर आणि मागचा पायरीवर असतो. मध्ये लाट आली की कयाकचं टोक कोणाच्या तरी छातीत बसणार. तुम्ही कसलेले आहात, हे तुमच्या वल्ह्याच्या हातावरूनच दिसलं. पण शेजारी उभी असलेली, कडेवर मूल घेतलेली बाई कसलेली नसते.

समजा चढवली, तरी ठेवणार कुठे? लाँचवर मधली वाट अरुंद. टपावर ठेवली तर वारा धरते आणि वजन वर जातं. खाली ठेवली तर निघायची वाट अडते. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि माणसं दगावली. त्यानंतर लाँचवर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. त्या दिवसानंतर प्रवासी लाँचवर वाट अडवणारी कुठलीही वस्तू आमच्या नावाने चढणार नाही, हे आम्ही ठरवून टाकलंय. एखादा तांडेल (लाँच चालवणारा) भिडेखातर हो म्हणाला, तरीसुद्धा.

सोबतच्या माणसाबद्दल. ट्रॉलीवर एक माणूस कयाक ओढू शकतो, हे खरं. पण रॅम्पच्या सांध्यावर चाकं अडकतात, मागून गाड्या येत असतात आणि रिकामी कयाकही वाऱ्याने आडवी फिरते. त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी दुसरं टोक धरणारा माणूस हवाच. तो तुमच्याबरोबर मांडव्यापर्यंत आला, किनाऱ्यावर उतरवून दिली, ट्रॉली घेऊन परत फिरला. अर्धा दिवस त्याचा गेला, त्याला त्याची मजुरी मिळाली. हे पैसे बुकिंगच्या वेळीच कळवले होते आणि ते कमी होणार नाहीत.

कयाक रिकामी करायला लावली ती होडीसाठी. तुमच्या पुढच्या कप्प्यात पाण्याचे कॅन होते, मागे तंबू आणि भांडी. पाण्यात असताना सगळ्या बुडाला पाणी आधार देतं, म्हणून भरलेली कयाक निर्धास्त चालते. ट्रॉलीवर तोच भार एका पट्ट्यावर येतो आणि उचलताना टोकाच्या दोन हँडलवर. फायबरचं बूड तिथे तडकतं. ती चीर डोळ्याला दिसत नाही, किनाऱ्यापासून दूर गेल्यावर कप्प्यात पाणी शिरायला लागलं की कळते. म्हणून नियम असा की सामान वेगळ्या पिशव्यांत न्यायचं, पाणी शक्यतो मांडव्याला भरायचं आणि कयाक पाण्याच्या कडेला भरायची. पट्टे सैल बांधल्याचंही तुम्ही लिहिलंय. पट्टे आम्ही कयाकच्या आतल्या, कप्पे वेगळे करणाऱ्या आडभिंतींच्या जागीच आवळतो, कारण बाकी ठिकाणी करकचून आवळलं तर बूड दबतं. हलवून पाहिल्यावर होडी जागची सरकली नाही, म्हणजे बांधणी पुरेशी होती.

शेवटी तुम्ही म्हणालात, त्यापेक्षा गेटवेवरून वल्हवतच गेलो असतो. कृपा करून तसं करू नका. मध्ये मुंबई बंदर आणि न्हावा-शेवा इथल्या जहाजांचा मार्ग आहे. कंटेनर जहाज चालवणाऱ्याला नाळेपुढची, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाजवळची, कयाक दिसत नाही, आणि दिसली तरी ते जहाज चटकन थांबत नाही. त्या ओलांडणीसाठी आम्ही कोणालाही होडी देत नाही, अनुभवी असला तरी.

गेटवेच्या लाँचनेच जायचं असेल, तर आमच्याकडे हवा भरायची कयाक आहे. ती पिशवीत मावते, पाठीवर घेऊन चढता येते. लांब पल्ल्याला ती संथ आणि वाऱ्यात बहकते, पण मांडवा ते सासवणे, आवास एवढ्या अंतराला सकाळच्या शांत पाण्यात चांगली चालते. किहीमपर्यंत जायचं तर लांब कयाकच घ्या, आणि दिवस अष्टमीच्या आसपासचे निवडा. तेव्हा भरती-ओहोटीतला फरक कमी असतो; अशा भांगाच्या पाण्याला ओढ कमी असते, मांडव्याला उतरल्यावर चिखलातून चालणंही कमी होतं. दुपारचे खारे वारे सुरू व्हायच्या आत किहीम गाठायचं, म्हणून पहाटेची फेरी. डिपॉझिट तुम्ही परतलात त्याच संध्याकाळी पूर्ण परत केलं आहे. खात्यात दिसत नसेल तर पावती घेऊन दुकानात या, लगेच पाहून देतो.