साठ दिवस आधीचे जेवण

आमच्या घरी दुपारी काय शिजणार, हे सकाळी दारावर येणाऱ्या मासेवालीच्या पाटीत काय उरले आहे त्यावर ठरते आणि रात्री काय शिजणार, हे दुपारचे काय उरले आहे त्यावर. गुहागरच्या आमच्या वाडीत चार पिढ्या याच पद्धतीने जेवल्या आणि त्यांपैकी कोणी उपाशी राहिल्याचे ऐकिवात नाही. अशा घरावर, आजपासून साठाव्या दिवशी संध्याकाळी सव्वासहा वाजता फ्लोरिडातल्या ओरलँडो शहराजवळ आपण कुठे जेवायला बसणार आहोत, हे ठरवण्याची वेळ आली आणि त्याला कारण माझा न्यू जर्सीत राहणारा धाकटा भाऊ.

'यंदा आंबा आटोपला की मुलांना आणि आईला घेऊन या, सगळे मिळून डिस्ने वर्ल्डला जाऊ,' असे त्याने दिवाळीत सांगितले, तेव्हा मला वाटले की जायचे म्हणजे जायचे. गणपतीपुळ्याला आपण जातो, तसेच हे थोडे लांब. पुढे व्हिसा वगैरे सोपस्कार पार पडले, त्यांत फारसे सांगण्यासारखे काही नाही. खरा प्रसंग त्यानंतर उभा राहिला. त्या ठिकाणच्या चांगल्या उपाहारगृहांतली टेबले साठ दिवस आधी, तिथल्या सकाळी सहा वाजता खुली होतात आणि काही तर बघता बघता संपतात. भावाने कळवले की सकाळी सहाला तो झोपलेला असतो, तेव्हा बुकिंग आम्ही करावे. तिथे सकाळचे सहा वाजतात तेव्हा इथे दुपारचे साडेतीन वाजलेले असतात आणि त्या वेळी मी झोपलेला असतो, ही गोष्ट मात्र त्याने जमेस धरली नाही.

सौभाग्यवतींनी दोनशे पानी वही घातली. तिच्या पहिल्या पानावरची माहिती ऐकायला शेजारचे बापूकाका मुद्दाम येऊन बसले, कारण ती जमिनीविषयी होती. त्या एका जागेत चार स्वतंत्र उद्याने आहेत, त्याखेरीज पाण्याची दोन, आणि सगळे मिळून क्षेत्र सुमारे पंचवीस हजार एकर. वॉल्ट डिस्ने यांनी 1960 नंतरच्या दशकात ही दलदलीची आणि रानाची जमीन निरनिराळ्या नावांच्या कंपन्या काढून गुपचूप विकत घेतली, 1965 मध्ये बिंग फुटल्यावर बेत जाहीर झाला आणि 1971 च्या ऑक्टोबरात पहिले उद्यान उघडले. तेवढ्यात डिस्ने स्वतः वारले होते. बापूकाकांना गुपचूप खरेदीचे नवल वाटले नाही, तो प्रकार आमच्या किनाऱ्यालाही नवा नाही. त्यांना वेगळेच कोडे पडले. त्यांच्या स्वतःच्या बावीस गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर एकतीस नावे असून त्यांतली अकरा मुंबईला आणि चार स्वर्गात आहेत. 'पंचवीस हजार एकरांना,' त्यांनी खोल आवाजात विचारले, 'सगळ्यांच्या सह्या मिळाल्या कशा?'

तिकिटांचे पान उलटले तेव्हा मला पहिल्यांदा घाम फुटला. एसटीत आमच्या कुटुंबाचा मान मोठा आहे. आई पंच्याहत्तरीच्या पुढची म्हणून तिला प्रवास फुकट, सौभाग्यवतींना महिला म्हणून अर्धे तिकीट, अकरा वर्षांच्या मुलीला आणि साडेपाच वर्षांच्या मुलाला वयामुळे अर्धे. पूर्ण तिकीट काढणारा घरात मी एकटा आणि कंडक्टरही ते देताना माझ्याकडे सहानुभूतीने पाहतो. डिस्ने वर्ल्डमध्ये तीन वर्षांखालचे मूल तेवढे फुकट आणि दहा वर्षे झाली की माणूस प्रौढ. अकरा वर्षांची आमची मुलगी, जिला अजून स्वतःची वेणी घालता येत नाही, ती तिथे माझ्या बरोबरीची. एका माणसाच्या एका दिवसाच्या तिकिटाला शंभराहून अधिक डॉलर पडतात. मी त्या डॉलरचे रुपये केले, रुपयांच्या हापूसच्या पेट्या केल्या आणि बागेकडे पाहिले. कलमांनी माझ्याकडे पाहिले नाही. एवढे करून रांगेतून लवकर सुटायचे असेल तर वेगळे पैसे भरून वेळ राखून ठेवावी लागते, हे कळल्यावर आई मात्र मुळीच गडबडली नाही. मोठ्या देवस्थानांत तिने ते पाहिलेले आहे.

मुलाचा प्रश्न उंचीचा होता. तिथल्या काही पाळण्यांत आणि घसरगाड्यांत बसायला चव्वेचाळीस इंच उंची लागते, म्हणजे साधारण 112 सेंटिमीटर, आणि चिरंजीव त्रेचाळीसवर अडले होते. माजघराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा सुरू झाल्या. आधी दर रविवारी, मग रोज, पुढेपुढे जेवणाआधी आणि जेवणानंतर. आईने सकाळी मऊभाताची पेज आणि वर तूप सुरू केले. ज्याला दूध पाजण्यासाठी घरभर धावावे लागे, तो आता स्वतः पेला पुढे करू लागला, एवढे मी अमेरिकेच्या जमेस मांडतो.

त्यातल्या एका उद्यानात आनंदपूर नावाचे आशिया खंडातले एक काल्पनिक गाव उभारलेले आहे. तिथल्या भिंतींचा गिलावा कारागिरांनी मुद्दाम उडवला आहे, रंग मुद्दाम विटवला आहे आणि पडक्या राजवाड्याच्या अवशेषांत खरेखुरे वाघ फिरतात. सौभाग्यवती हे वाचत असताना मी आमच्या पडवीच्या भिंतीकडे पाहिले. तिचा गिलावा दर पावसाळ्यात कारागिराशिवाय उडतो आणि मी तो दर दिवाळीला पैसे देऊन पुन्हा चढवतो. वाघ नाही, पण बिबट्या मागच्या वर्षी गोठ्यापर्यंत येऊन गेला.

जेवण कुठे घ्यायचे, हे मुलीने ठरवले: सिंड्रेलाच्या किल्ल्यात. अंजनवेलचा गोपाळगड आमच्यापासून तासाभराच्याही आत आहे, पण तिथे नेले की ही मुलगी पाय दुखतात म्हणते. किल्ल्यात राजकन्या भेटायला येतात आणि जेवणाचा दर माणशी ठरलेला असतो. टेबल राखून न कळवता गेलो नाही, तर माणशी दंड. न जेवल्याबद्दल दंड, ही कल्पना आमच्याकडे फक्त व्याह्यांच्या घरी आढळते.

आमचे घर पोफळींच्या खोलगटात असल्यामुळे मोबाइलची रेंज उंबऱ्यापर्यंत येते आणि तिथूनच परत फिरते. ठरलेल्या दिवशी वीजही नव्हती. म्हणून एप्रिलच्या उन्हात, सव्वातीन वाजता, पेट्या भरण्याचे काम गड्यांवर टाकून आम्ही सहकुटुंब सड्यावर पाण्याच्या टाकीपाशी जाऊन उभे राहिलो. सौभाग्यवतींच्या हातात मोबाइल, मुलीच्या हातात वही, माझ्या हातात त्या दोघींवर धरलेली छत्री. साडेतीन वाजले. पडद्यावर चक्र फिरू लागले, थांबले, पुन्हा फिरू लागले. आकडे भरताना सौभाग्यवतींनी श्वास रोखला होता आणि मीही, कोणी सांगितले नसताना, तेच केले. तीन वाजून एकेचाळीस मिनिटांनी सात माणसांचे, संध्याकाळी सव्वासहाचे टेबल मिळाले. मुलगी कातळावर नाचली. दहावीच्या निकालालाही मी एवढा हललो नव्हतो.

घरी येऊन आईला तारीख सांगितली. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने उलटली, चष्मा सारखा केला आणि शांतपणे म्हणाली, 'त्या दिवशी मंगळवार आहे आणि चतुर्थी. अंगारकी. मी चंद्रोदयाशिवाय जेवत नाही.'

कॅलेंडरात मुंबईचा चंद्रोदय होता, रत्नागिरीचाही होता. ओरलँडोचा नव्हता. बापूकाकांनी कागद मागवला. रत्नागिरीला चंद्र रात्री सव्वादहाला उगवणार, त्यातून तिथला साडेनऊ तासांचा फरक वजा केला, की पाऊण वाजतो. तेव्हा वहिनींनी भर दुपारी उपास सोडायला हरकत नाही, असा त्यांनी निर्वाळा दिला. आईने त्यांच्याकडे एकदाच पाहिले आणि विचारले, 'आणि अर्घ्य कोणाला देऊ, उन्हाला?'

उद्या दुपारी सव्वातीनला आम्ही पुन्हा सड्यावर जाणार आहोत, पंचमीचे टेबल मिळवायला. बापूकाका या वेळी पंचांग घेऊन बरोबर येत आहेत.