एक फुल, एक शून्य

परवाच्या रविवारी वेल्ह्याहून पुण्याला येताना माझं तिकीट एका अनोळखी आजोबांनी काढलं. दयेपोटी. भर एसटीत, सगळ्यांच्या देखत. मी गृहकर्जाचे हप्ते वेळेवर भरतो, माझ्या नावावर दोन खोल्या आणि एक बाल्कनी आहे, कानशिलावर केस पांढरे झालेत. पोटऱ्या दुखायच्या थांबल्या, हे मात्र अजून दुखतंय.

गडावर एसटीनेच जायचं, हा माझा हट्ट आहे. गाडी नेली की जिथून चढलो तिथेच झक मारत उतरावं लागतं, कारण खाली ती उभी असते. एसटीवाल्याला मागे ओढणारं काही नसतं. तो गुंजवण्यातून चोरदरवाज्याने राजगडावर चढतो, संजीवनी माचीवरून आळू दरवाज्याने बाहेर पडतो आणि डोंगराची धार धरून तोरण्याच्या बुधला माचीवर निघतो. मेंगाईला नमस्कार करून बिनी दरवाज्याने वेल्ह्यात उतरतो. चढला गुंजवणीच्या खोऱ्यात, उतरला कानद खोऱ्यात. हे सुख कुठल्याही गाडीवाल्याच्या नशिबी नाही, असं मी ऑफिसात ऐकवत असतो. तिथे ते कोणी ऐकत नाही, तो भाग वेगळा.

अडचण एकच, वेळांची. या खोऱ्यांतल्या गाड्या खोऱ्यातल्या माणसांसाठी आहेत आणि तशाच असायला हव्यात. मुक्कामी गाडी संध्याकाळी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथेच रात्र काढतात, आणि भल्या पहाटे दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं आणि सरकारी कामाच्या पिशव्या घेऊन ती शहराकडे निघते. डोंगर चढणाऱ्या शहरी माणसाला सगळं बरोब्बर उलटं हवं असतं. त्यामुळे आपण जिकडे निघालेलो असतो तिकडून गाडी नुकतीच परत आलेली असते. वाट बघणं आलंच. आणि वाट बघणाऱ्या माणसाशेजारी खेड्यात कोणी ना कोणी येऊन बसतंच.

मी वेल्ह्यात एका दुकानाच्या पायरीवर बसलो होतो, माझ्याशेजारी आजोबा आले. धोतर, बंडी, पांढरी टोपी, आणि सोबत तांदळाचं पोतं. पोतं त्यांनी माझ्या डाव्या बुटावर ठेवलं आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे म्हणजे माझ्या सॅककडे.

"कुनाचं वझं हाय?"

"माझंच, आजोबा."

"तुजं? येवढं?" त्यांनी सॅक एका हाताने उचलून पाहिली, पोत्याच्या मानाने ती त्यांना फारच मामुली वाटली असावी. "मालक कुठं हाय?"

मला वाटलं, दुकानाचा मालक. म्हटलं, "माहीत नाही."

"गेला व्हय म्होरं, गाडी घिऊन?" आजोबांनी मान हलवली. "असंच करत्यात."

इथे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण मी उन्हाने उकडलेलो होतो. हल्ली मोठमोठे ग्रुप येतात, त्यांचं सामान वाहायला गावातली पोरं घेतात. आजोबांच्या मनात माझा हिशोब तिथेच पक्का झाला होता. पुढची उलटतपासणी फक्त पुरावे गोळा करण्यासाठी.

"प्यांट अर्धीच?"

माझी पँट गुडघ्याला चेन असलेली. उकडलं की खालचे पाय काढून सॅकमध्ये टाकायचे. ते सांगितलं. त्यांनी चेनवरून बोट फिरवलं आणि एवढंच म्हणाले, "फाटली तर शिवून घ्यावी मानसानं."

"बूट कितीला?"

आता हा प्रश्न आला की कुठलाही मराठी माणूस किंमत खाली आणतो. बायकोला सांगतो तीच सांगायची सवय. "पाचशे," म्हटलं.

"आन् जेवला काय?"

"चिक्की."

ते "अरारा" म्हणाले. पुढे बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्याविषयी जराशी शंका उरली असावी म्हणून विचारलं, "वर कशाला गेलतास? काय व्हतं वर?"

इथे मी फॉर्मात आलो. तोरणा, १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यात उंच किल्ला, महाराजांच्या अगदी सुरुवातीच्या गडांपैकी एक, झुंजार माचीवरून दिसणारा मुलूख. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाळावर आडवा हात धरून गडाकडे पाहिलं.

"उंची तर हितनं बी दिसती की."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

गाडी आली. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटी मोफत, २०२३ च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे खोऱ्यातल्या गाडीत पूर्ण पैसे भरणारा प्राणी दुर्मीळ. मला पाहून कंडक्टरचा चेहरा उजळलाच. मी पाचशेची नोट काढली आणि तो मावळला. "सुट्टे द्या." सुट्टे नव्हते. मग फोन काढला. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं, फिरतच राहिलं. गडाच्या माथ्यावर फोनला चार कांड्या होत्या, बायकोचे तीन फोन आणि एक विमावाला तिथे पोचले होते. खाली, जिथे पैसे द्यायचे, तिथे काही नाही.

आजोबांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तिच्यात आधार कार्ड, चुन्याची डबी, आणि चौघडी घातलेल्या नोटा. कार्ड कंडक्टरला दाखवलं आणि म्हणाले, "माजं फुकाट हाय. जे वाचलं त्ये ह्येच्यावर घाला."

"अहो आजोबा, नको!"

"गप ऱ्हा रं."

"एक फुल, एक शून्य," कंडक्टर म्हणाला, आणि मशीनमधून दोन्ही तिकिटं निघाली. आजोबांनी दोन्ही पिशवीत टाकली, पिशवी बंडीत. मागच्या बाकावरून एका मावशींनी मला पेरू दिला. मी नको म्हणालो, तर त्यांनी दुसरा दिला.

मार्गासनीच्या अलीकडे गाडी थांबली. रस्ता अरुंद, आणि वळणावर एक भलीमोठी पांढरी गाडी निम्मी डांबरावर सोडून दिलेली. मालक भातखाचराच्या बांधावर उभे राहून फोटो काढून घेत होते. ड्रायव्हरने हॉर्न दिला. त्यांनी दोन बोटं दाखवली, म्हणजे दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत आमच्या मागे रांग लागली. दोन माणसांच्या गाडीपायी भरलेली एसटी खोळंबली होती, तिच्यात दवाखान्याला निघालेलं एक तापाचं पोर होतं, आणि त्या पांढऱ्या गाडीच्या मागच्या काचेवर, अर्थातच, महाराजांचं चित्र. २०२५ च्या जुलैत राजगड युनेस्कोच्या यादीत गेला. रविवारी गुंजवण्यात बघावं तर पायथ्याशी गड नंतर दिसतो, आधी गाड्यांची टपं दिसतात. एसटी वळवायला जागा नाही, मग ती अलीकडूनच फिरते, आणि पलीकडची म्हातारी माणसं पोतं डोक्यावर घेऊन चालत येतात. हे मी विनोदाने सांगणार होतो. जमत नाही.

आजोबांनी खिडकीतून मान बाहेर काढली, नीट निरखून पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "त्योच का तुजा मालक?"

नसरापूर फाट्याला तपासणीस चढले. तोवर आजोबा माझ्या खांद्यावर डोकं टाकून गाढ झोपले होते.

"तिकीट?"

"आजोबांकडे आहे."

"आजोबा कोण तुमचे?"

"कोणी नाहीत."

"मग तुमचं तिकीट त्यांच्याकडे कसं?"

खरं उत्तर माझ्या तोंडून निघेना. तपासणिसांनी माझी सॅक पाहिली, अर्धी पँट पाहिली, हातातले दोन पेरू पाहिले आणि दंडाचं पुस्तक बाहेर काढलं. सगळी गाडी वळून बघत होती. कंडक्टर पुढे दाराशी कुणाचं तरी गाठोडं उतरवण्यात गुंतलेला. मी आजोबांना हलवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे उघडले, प्रकार समजून घेतला, सावकाश पिशवी काढली, तिकिटं काढली, आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले,

"सायेब, पोरगं गरीब हाय, पन चोर न्हाय."

तपासणिसांनी पुस्तक मिटलं. जाताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

कात्रजला फोनला रेंज आली. मी आजोबांना पैसे द्यायला नोट पुढे केली, जवळच्या टपरीवरून मोडून आणतो म्हटलं. त्यांनी माझी मूठ मिटवली. तुझ्या लेकरांना खाऊ ने, म्हणाले. मी सॅक घेऊन उतरलो, तर खिडकीतून हाक आली.

"आरं, मालकाला सांग! हमालाला बी गाडीत घ्यायचं आसतंय म्हनावं!"

सांगतो म्हणालो.